मोलाने खेळणे

हौशी खेळाडू आणि धंदेवाईक खेळाडू ही दोन नावे एकापाठोपाठ उच्चारली की ऐकणाऱ्याच्या मनात नकळत एक तराजू उभा राहतो, आणि त्याचे पारडे हौशीच्या बाजूस झुकते. जो पैशाची अपेक्षा न ठेवता खेळतो तो खेळाचा खरा उपासक, आणि जो पैसे घेऊन खेळतो तो पोटार्थी, असे आपण गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत खरे आहे, ते मुळात कोणाच्या सोयीचे होते, आणि ते धरून चालल्याने आपण कोणावर अन्याय तर करीत नाही ना, याचा विचार करावा म्हणून हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो आहोत. विचारास आधार म्हणून इंग्लंडच्या उत्तर भागातील रग्बी लीग या खेळाचे उदाहरण आम्ही घेतले आहे. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी तो पाहिला असेल. परंतु हा खेळ जन्मास आला तोच मुळी या प्रश्नावरील भांडणातून. यास्तव याहून समर्पक उदाहरण आम्हांस सुचले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रग्बी फुटबॉल हा खेळ इंग्लंडमधील श्रीमंतांच्या विद्यालयांतून बाहेर पडला आणि यॉर्कशायर व लँकेशायर या परगण्यांतील कोळशाच्या खाणींच्या व कापडाच्या गिरण्यांच्या गावी जाऊन पोहोचला. दक्षिणेकडे तो खेळणारे बहुधा वकील, डॉक्टर अथवा जमीनदारांचे मुलगे असत. उत्तरेकडे तो खाणकामगार व गिरणीकामगार खेळू लागले. सामने शनिवारी होत, आणि शनिवारची सकाळ कामगारास सुट्टीची नसे. सामना दूरच्या गावी असला की त्याला कामावर गैरहजर राहावे लागे व तेवढी मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी भरून देण्याची क्लबांना मुभा असावी, एवढीच मागणी यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी १८९३ साली लंडन येथील सर्वसाधारण सभेपुढे मांडली. ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली गेली. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले व त्यांनी आपला निराळा संघ स्थापन केला. बुडालेल्या मजुरीबद्दल दिवसास सहा शिलिंग, हा त्यांचा आरंभीचा नियम होता. १८९८ साली उघड वेतनास परवानगी मिळाली. १९०६ साली संघातील खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आली, आणि १९२२ साली या खेळाच्या नियामक संस्थेने आजचे रग्बी लीग हे नाव धारण केले. जुन्या संस्थेचा खेळ रग्बी युनियन या नावाने निराळा राहिला.

या भांडणात नीतीची बाजू आपलीच आहे, असा दक्षिणेकडील मंडळींचा दावा होता. खेळ हा खेळासाठीच खेळला पाहिजे. त्यात पैसा शिरला की त्याचे पावित्र्य नष्ट होते, असे ते म्हणत. हे बोल ऐकावयास गोड आहेत, आणि निष्काम कर्माची थोरवी लहानपणापासून ऐकत आलेल्या आपणां लोकांस तर ते विशेषच गोड वाटतील. परंतु निष्कामतेला महत्त्व येते ते तिच्या मागे काही त्याग असतो म्हणून. ज्याच्या घरी वडिलोपार्जित उत्पन्न येत आहे, त्याने सहा शिलिंग नाकारले तर त्याच्या ताटातील एक घासही कमी होत नाही. खाणकामगाराने ते नाकारले तर त्याच्या मुलांच्या ताटातील भाकरी कमी होते. एकच नियम एकास फुकट पडतो व दुसऱ्यास उपाशी ठेवतो. अशा नियमास नीतिनियम म्हणावे की कुंपण म्हणावे? आमच्या मते ते कुंपणच होय. ते बांधणाऱ्यांपैकी सर्वच ढोंगी होते असे आम्ही म्हणत नाही. कित्येकांची आपल्या तत्त्वावर खरीखुरी श्रद्धा होती. पण स्वतःला काहीच मोजावे न लागणारे तत्त्व श्रद्धेने पाळणे फार सोपे असते, आणि म्हणूनच अशा तत्त्वाकडे प्रत्येकाने थोड्या संशयाने पाहावे हे बरे.

कुंपण किती कडक होते, ते पुढील शंभर वर्षांच्या इतिहासावरून दिसते. ज्याने एकवार पैसे घेऊन रग्बी लीग खेळले, त्यास रग्बी युनियनचे मैदान जन्मभर बंद होई. आपल्याकडे वाळीत टाकणे म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याहून अधिक स्पष्टीकरण नको. मात्र आपल्या जातिबहिष्काराप्रमाणेच या बहिष्कारासही आपद्धर्म होता. दुसऱ्या महायुद्धात सैन्यातील संघांना चांगले खेळाडू हवे झाले, तेव्हा बंदी बाजूस ठेवण्यात आली. १९४३ साली लीड्स येथे व १९४४ साली ब्रॅडफर्ड येथे सैन्यातील लीगच्या आणि युनियनच्या खेळाडूंचे सामने झाले. नियम युनियनचे होते, तरी दोन्ही वेळा लीगचे खेळाडूच जिंकले. मरणाच्या छायेत ज्याच्या खांद्यास खांदा लावून खेळता आले, तो मनुष्य शांतता झाल्याबरोबर पुन्हा अस्पृश्य ठरला! पुढे २६ ऑगस्ट १९९५ रोजी रग्बी युनियनच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने वेतनावरील बंदी उठविली. हडर्सफील्डच्या सभेस शंभर वर्षे पुरी होण्यास तेव्हा अवघे तीन दिवस उरले होते. शंभर वर्षे जे पाप होते ते एका ठरावाने व्यवहार झाले. आणि पाप व्यवहार होऊ शकते, तेव्हा ते मुळात पाप होते काय, हा प्रश्न उरतोच.

पैसा माणसास नीच करतो, या समजुतीची दुसरी बाजू बिली बॉस्टन या खेळाडूच्या चरित्रात पाहावयास मिळते. त्यांचा जन्म १९३४ साली वेल्समधील कार्डिफ शहराच्या गोदीलगतच्या वस्तीत झाला. वडील आफ्रिकेतील सिएरा लिओनचे, जहाजावर नोकरी करणारे. कार्डिफच्या क्लबाकडून व पुढे वेल्सच्या संघातून रग्बी युनियन खेळावे, ही या मुलाची आकांक्षा होती. पण कार्डिफचे बोलावणे आले नाही. कातडीचा रंग हे त्याचे कारण, असे पुष्कळ जाणकार मानतात, आणि वेल्सच्या युनियन संघात कृष्णवर्णीय खेळाडू प्रथम दिसला तो १९८० नंतरच, ही गोष्ट लक्षात घेता तसे मानणे अवाजवी वाटत नाही. १९५३ साली लँकेशायरमधील विगन क्लबाची माणसे बॉस्टन यांच्या घरी आली. त्यांना वाटेस लावावे म्हणून आईने तीन हजार पौंडांचा भलामोठा आकडा सांगितला. परंतु पाहुण्यांनी तो तत्काळ मान्य केला, आणि शब्द गेला तो गेला, अशी हकिकत खुद्द बॉस्टन सांगत आले आहेत. सही करताना मुलाला आनंद नव्हता. आपल्या गावचा व आपल्या देशाचा खेळ आपणांस यापुढे कायमचा बंद झाला, हे त्यास कळत होते.

पुढे काय झाले? पुढच्याच वर्षी, विगनकडून जेमतेम सहा सामने खेळलेल्या या एकोणीस वर्षांच्या मुलाची ग्रेट ब्रिटनच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी निवड झाली, आणि त्या दौऱ्यात त्याने छत्तीस ट्राय केले. ट्राय म्हणजे प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळविलेले गुण. विगनकडून ४७८ आणि सबंध कारकिर्दीत ५७१, असा त्यांचा हिशेब आहे. १९५७ साली संघ दक्षिण आफ्रिकेत काही सामने खेळावयास गेला, तेव्हा तेथील वर्णभेदी राजवटीमुळे बॉस्टन यांना वगळून गेला. तेव्हा लीगमध्ये सर्व काही समतेचे राज्य होते, असा भ्रम कोणी करून घेऊ नये. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. हौशीच्या पवित्र मंदिराने ज्यास दाराबाहेर ठेवले, त्यास पैशाच्या बाजाराने आत घेतले. याच कार्डिफ शहरातील क्लाइव्ह सलिव्हन हे दुसरे कृष्णवर्णीय खेळाडू १९७२ साली विश्वचषक जिंकणाऱ्या ग्रेट ब्रिटनच्या लीग संघाचे कर्णधार होते. बाजाराला माणुसकी असते असे नव्हे; पण त्याला जिंकावयाचे असते, आणि त्या गरजेपोटी तो कधीकधी धर्मशास्त्र्यांहून अधिक न्यायाने वागतो. पुढे २०२५ साली ब्रिटनच्या राजाने बॉस्टन यांना सर ही पदवी दिली. रग्बी लीगच्या खेळाडूस ही पदवी मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. खेळाच्या जन्मानंतर एकशे तीस वर्षांनी तो आला!

येथवर वाचून कोणी म्हणेल, ही तर इंग्रजांच्या घरातील भानगड. तिच्याशी आम्हांस काय कर्तव्य? परंतु आपल्या भाषेकडेच पाहा. साहित्यिकास आपण देतो ते मानधन, उपाध्यायास देतो ती दक्षिणा, कीर्तनकारास देतो ती बिदागी, शिक्षकास देतो ते वेतन आणि हमालास देतो ती मजुरी. नाणे तेच, पण ज्याच्या हातावर ते पडते त्याच्या हाताकडे पाहून आपण त्याचे नाव बदलतो. बुद्धी विकणाऱ्याने मोल घेतले तर त्याची विद्या बाटत नाही. शरीर विकणाऱ्याने घेतले तर त्याचे कौशल्य मात्र बाटते! घरातील मुलाने खेळात मन घातले की आपण विचारतो, ‘खेळून का पोट भरणार आहे?’ आणि एखाद्याने खरोखरच खेळून पोट भरले, तर तो पोटासाठी खेळतो म्हणून नाक मुरडतो. या दोन्ही वाक्यांच्या मध्ये त्या बिचाऱ्याने उभे राहावे तरी कोठे?

असो. वेतन घेणे लांच्छनास्पद नाही, एवढे मान्य झाले म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नाही. आमच्या मते खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. वेतन घेऊन खेळणारा नेमके काय विकतो, आणि विकत घेणाऱ्यास त्यातील किती मिळते?

रग्बी लीगचा सामना ऐंशी मिनिटांचा. चेंडू घेऊन धावणाऱ्यास प्रतिपक्षाचे दोघे-तिघे मिळून अंगाची धडक देऊन जमिनीवर पाडतात. तो उठतो, पायाने चेंडू मागे सारून आपल्या गड्याकडे देतो, आणि पुन्हा तीच धडक सुरू होते. अंगावर जाड चिलखत नसते. पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत अशा धडका किती बसत असतील, याचा वाचकांनीच विचार करावा. सुताराची करवत बोथट झाली तर तो नवी घेतो. या धंद्यात करवत म्हणजे स्वतःचे हाड, स्वतःचा गुडघा, आणि सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे स्वतःचा मेंदू. डोक्यास धक्का बसलेल्या खेळाडूस मैदानाबाहेर नेऊन तपासण्याचे नियम अलीकडे झाले आहेत. पण ते होण्यापूर्वी खेळून गेलेल्यांपैकी कित्येकजण चाळिशी-पन्नाशीतच स्मृतिभ्रंशाने ग्रासले जाऊन आपल्याच खेळाच्या चालकांविरुद्ध न्यायालयाची पायरी चढले आहेत.

यावर एक रोखठोक उत्तर दिले जाते. करार त्याने आपखुषीने केला. धोका त्यास ठाऊक होता. मोल त्याने घेतले. आता तक्रार कसली? कायद्याच्या दृष्टीने या उत्तरात काय जोर आहे तो न्यायाधीश पाहतील. नीतीच्या दृष्टीने त्यात एक मोठे छिद्र आहे. सही करतो तो अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण. भोगतो तो पन्नास वर्षांचा प्रौढ. नाव एक असले तरी पहिल्याने दुसऱ्यास पाहिलेले नसते. अंगात रग असताना म्हातारपणाची कल्पना करणे कोणास साधले आहे? शिवाय ज्याच्यापुढे खाणीत उतरणे किंवा मैदानात उतरणे असे दोनच मार्ग आहेत, त्याच्या आपखुषीचे वजनही जपूनच करावे लागते. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने असे शिकविले की, मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरू नये. तो स्वतः एक साध्य आहे, याची ओळख ठेवावी. वेतन देणाऱ्या प्रत्येकाने कांटचे हे वचन ध्यानी ठेवण्यासारखे आहे. मोल देऊन त्या मनुष्याचा खेळ घ्यावा, यात अधर्म नाही. मोल दिले म्हणजे मनुष्यच घेतला असे मानावे, हा अधर्म होय. पहिल्या व्यवहारात शेवटच्या शिटीनंतरही काही देणे उरते. दुसऱ्यात सर्व फिटलेले असते.

हे उरलेले देणे म्हणजे काय, हे युक्तिवादापेक्षा एका हकिकतीने अधिक स्पष्ट होईल. रॉब बरो हे यॉर्कशायरमधील लीड्स क्लबाचे खेळाडू. उंची अवघी पाच फूट पाच इंच. ज्या खेळात सहा फुटांची अवजड माणसे एकमेकांवर आदळतात, त्यात हा लहानखुरा मनुष्य २००१ पासून २०१७ पर्यंत एकाच क्लबाकडून ४९२ सामने खेळला, आणि हंगामाच्या अखेरचा विजेतेपदाचा सामना त्याच्या संघाने आठ वेळा जिंकला. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, त्यास मोटर न्यूरॉन हा दुर्धर रोग झाल्याचे निष्पन्न झाले. या रोगात स्नायूंना हालविणारे मज्जातंतू हळूहळू नष्ट होतात. हात जातात, पाय जातात, वाचा जाते, आणि जाणीव मात्र बहुधा जागी राहते. खेळामुळेच हा रोग झाला असे त्यांच्या बाबतीत खात्रीने कोणी म्हणू शकत नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळेच.

केविन सिनफील्ड हे त्या संघाचे कर्णधार. दोघेही पगारी खेळाडू. दोघांचेही खेळाडू म्हणून क्लबाशी असलेले करार केव्हाच संपलेले. सिनफील्ड यांनी डिसेंबर २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावण्याचा संकल्प केला. बरो यांच्या पाठीवरचा आकडा सात, म्हणून सत्त्याहत्तर हजार सातशे सत्त्याहत्तर पौंड या रोगाच्या निवारणार्थ जमावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. जमले दहा लाखांहून कितीतरी अधिक. पुढेही ते वर्षानुवर्षे असेच धावत राहिले. मे २०२३ मध्ये लीड्स शहरात झालेल्या मॅरेथॉनमध्ये त्यांनी बरो यांना चाकांच्या खुर्चीत बसवून सव्वीस मैल ढकलीत नेले, आणि अंतिम रेषेजवळ येताच खुर्ची थांबवून, त्यांना दोन्ही हातांवर उचलून घेऊन, रेषा ओलांडली. २ जून २०२४ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, बरो निवर्तले. दुसऱ्याच दिवशी लीड्स येथे त्यांच्या नावाने उभारावयाच्या रुग्णालयकेंद्राच्या बांधकामाचा आरंभ झाला.

आता आम्ही आमच्या वाचकांस विचारतो: धंदेवाईकांच्या खेळात प्रेम उरत नाही, केवळ व्यवहार उरतो, असे जे १८९३ च्या सभेत गृहीत धरले गेले, त्याचे या प्रसंगापुढे काय होते? त्या रेषेवर ज्याने आपल्या मित्रास उचलले, तो मोल घेऊनच त्याच्याबरोबर खेळलेला होता. पगाराने त्यांना एका मैदानावर आणले. पण पगाराने जे आणले ते त्यांचे श्रम होते. वर्षानुवर्षे शेजारी शेजारी उभे राहून, एकमेकांसाठी मार खाऊन, जे निर्माण झाले ते कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते. म्हणून करार संपल्यावर ते संपलेही नाही. मोलाने अनमोल नासते, हे खरे नव्हे. मोल व अनमोल ही एकाच कामात शेजारी शेजारी राहू शकतात. खाणकामगारास मजुरी मिळाली म्हणून दरड कोसळल्यावर तो आपल्या सोबत्यास ओढून काढीत नाही काय? परिचारिकेस वेतन मिळते म्हणून रात्री तीन वाजता रोग्याच्या कपाळावर ठेवलेला तिचा हात भाडोत्री ठरतो काय?

परंतु याच हकिकतीतून दुसराही एक बोध निघतो, आणि तो आपल्या सोयीचा नाही. ते देणे फेडण्यास सोबती धावला. ज्यांनी तिकिटे काढून सामने पाहिले, ज्यांनी त्या अंगांवर पैसा मिळविला, त्यांच्यावरील देण्याचे काय? लीड्सच्या लोकांनी आपला हात सैल सोडला, ही त्यांना भूषणावह गोष्ट होय. पण प्रत्येक जायबंदी खेळाडूस सिनफील्ड लाभत नाही, आणि एखाद्याच्या नशिबी असा मित्र असावा यावर इतरांची निर्वाहव्यवस्था ठेवणे हा न्याय नव्हे. दयेने जे कधी घडते ते कर्तव्याने नेहमी घडले पाहिजे.

म्हणून आमचा निष्कर्ष असा की, मोल घेणाऱ्याकडे आपण ज्या कठोर दृष्टीने पाहत आलो, ती दृष्टी आता मोल देणाऱ्याकडे वळवावी. खेळाडूने पैसे घेतले की नाही, हा प्रश्न नीतीच्या दरबारी गौण आहे. ज्यांनी ते दिले त्यांनी त्या पैशांत काय घेतले असे मानले, हा प्रश्न मुख्य आहे. आणि देणाऱ्यांत केवळ क्लबांचे मालक येत नाहीत, प्रेक्षकही येतात. आपल्या घरी झाडलोट करणारी बाई, ओझे वाहणारा हमाल, आखाड्यात आपल्या टाळ्यांसाठी मान पणास लावणारा पैलवान, या सर्वांच्या बाबतीत पैसे हातावर ठेवले की आपला संबंध संपला असे मानण्याची सवय आपणांपैकी कितीजणांस नाही? त्यांनी आपणांस जे दिले त्यातील विकत घेता येण्यासारखे होते तेवढ्याचेच मोल आपण दिलेले असते. उरलेल्याचे ऋण आपल्यावर राहतेच. ते सगळे फिटेल असे नाही. पण ते आहे, एवढे तरी आपल्या वहीत लिहिलेले असावे.